दारी झुलतो हत्ती

श्रीमंताच्या दारी हत्ती झुलतो, असे लहानपणापासून ऐकत आलो. माणूस श्रीमंत असतो म्हणून त्याच्या दारी हत्ती झुलतो, की हत्ती झुलतो म्हणून लोक त्याला श्रीमंत समजतात, याचा विचार त्या वयात केला नाही. पुढे विचार करायचे वय आले तोपर्यंत निगडीच्या प्राधिकरणातल्या आमच्या दारात हत्ती येऊन उभाही राहिला होता. २०२३ सालच्या दिवाळीच्या पाडव्याला तो आला. रंगाने काळा, अंगाने अवाढव्य, घराणे परदेशी, वय आठ वर्षे आणि पायांखालून एक लाख अडतीस हजार किलोमीटर गेलेले.

त्याचे कूळ मी सांगणार नाही. पुढे त्याच्या आजारपणाच्या बऱ्याच गोष्टी यायच्या आहेत. आणि दुखणी उतारवयाची असताना कुळाला बोल लावणे बरे नव्हे. वाचकांनी एवढेच समजावे की नवी होती तेव्हा ही गाडी साठ लाखांच्या वर होती आणि मला ती सोळा लाखांना मिळाली. या दोन आकड्यांमधले चव्वेचाळीस लाख जणू मीच कमावले आहेत, अशा थाटात पहिला महिनाभर मी वावरत होतो. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने माझ्या अकरा वर्षांच्या छोट्या गाडीसाठी कधी खुर्चीवरून उठण्याची तसदी घेतली नव्हती. तो आता दुरूनच फाटक उघडून सलाम ठोकू लागला. सलामाला सोळा लाख म्हणजे फार नव्हेत, असेही मला त्या दिवसांत वाटून गेले.

हा हत्ती आणलाच कशाला, असे कोणी विचारील. सौ.ने तर विचारलेच होते. तिला मी सांगितले की आता निवृत्ती जवळ आली, चार ठिकाणी हिंडू-फिरू, आईच्या गुडघ्यांना ऐसपैस जागा हवी. हे सगळे खरे होते. पण खरे कारण वेगळे होते.

आमचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पिंपरीच्या माळावर कारखानदारीचे पहिले मोठे पाऊल पडले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६६ मध्ये टेल्को आली, आणि ज्वारीच्या शेतांतून भोंगे वाजू लागले. त्या भोंग्यांवर आमच्या घरातले घड्याळ चाले. १९९५ साली टेल्कोच्या आवारात मर्सिडीज गाड्यांची जुळणी सुरू झाली. वडिलांचा कारखाना वेगळा. पण एक दिवस पाळी सुटल्यावर सायकलवरून येताना फाटकातून बाहेर पडणारी एक नवी गाडी त्यांनी पाहिली. घरी येऊन डबा ठेवायच्या आधी ते आईला म्हणाले, "अगं, बॉनेटमध्ये तोंड दिसतं, तोंड!" आईने भोळेपणाने विचारले, "बसायला मिळतं का हो आत?" वडील हसले. म्हणाले, "बनवायच्या आपल्या गावानं. बसणारे वेगळे."

त्यात कडवटपणा मुळीच नव्हता. पण मी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होतो, नुकताच एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात चिकटलो होतो, आणि ते दोन शब्द माझ्या मनात रुतले ते रुतलेच. पुढे कारखाने चाकणला सरकले. २००९ साली मर्सिडीजने आणि फोक्सवॅगननेही तिथे आपापले कारखाने थाटले. सुटे भाग करणारे आम्हीही त्यांच्यामागून गेलो. रोज सकाळी-संध्याकाळी मी पाहत असे, लांबलचक ट्रेलरवर नव्या कोऱ्या गाड्या दुमजली बसून निघाल्या आहेत. त्यांच्या पोटात कुठेतरी आमच्या यंत्रांवर झालेला एखादा भाग असे. वडील तर केव्हाच गेले. आई ऐंशीची झाली. आता नाही तर कधी, या एका प्रश्नाने मी सोळा लाखांचा धनादेश फाडला.

मला कोणी फसवले, असे मात्र म्हणता येणार नाही. चौतीस वर्षे यंत्रांची नाडी पाहण्यात गेलेली. मी गाडी थंड असताना चालू करून पाहिली. गरम करून दाखवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. ३२१७ असे असले म्हणजे तो टायर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्माला आला. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, सुकाणूवरचे कातडे आणि चालकाच्या आसनाची उजवी कड पाहिली, कारण किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, झिजलेली कड फिरवता येत नाही. सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्या, स्कॅनर लावून घेतला. दिल्लीकडून आलेली तशीच एक गाडी मला दोन लाखांनी स्वस्त मिळत होती. हरित लवादाने २०१५ मध्ये तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश काढला, तेव्हापासून तिकडच्या कित्येक गाड्यांनी इतर राज्यांची वाट धरली. पण तिची नोंदणी इकडे करायची, इथला कर भरायचा आणि पूर्वायुष्य अंधारात. म्हणून तिला नमस्कार केला. अशी सगळी तपासणी मी काटेकोर केली. तपासायची एकच वस्तू राहिली, ती म्हणजे माझे पासबुक.

गाडीची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हे वाक्य इतके साधे आहे की ते समजायला मला सहा महिने आणि दोन लाख साठ हजार रुपये लागले. सोळा लाखांच्या गाडीला सोळा लाखांच्या गाडीचा खर्च येईल, असे मी धरून चाललो होतो. पण गाडी मनाने अजून साठ लाखांचीच होती. चार टायर आले एक लाख चार हजारांना. गिअरबॉक्सचे तेल जन्मभर बदलावे लागत नाही, असे विकणाऱ्याने छातीठोक सांगितले होते. कोणाचा जन्मभर, हे मी विचारले नव्हते. लाखभर किलोमीटरांनंतर तेही म्हातारे होते. ते आणि त्याची गाळणी मिळून बत्तीस हजार. मग बॅटरी. एका सकाळी समोरच्या पडद्यावर ब्रेकपासून दिव्यांपर्यंत एकदम सात बिघाड उमटले. माझ्या पोटात गोळा आला. निघाले काय, तर बॅटरी थकली होती. वीज कमी पडली की या गाड्यांमधले संगणक तापात बरळणाऱ्या माणसासारखे वाटेल ते बोलू लागतात. नवी बॅटरी बसवून भागत नाही. ती नवी आहे, हे गाडीच्या संगणकाला कळवावेही लागते. एकतीस हजार. इंजिनचे तेल, गाळण्या आणि ब्रेकचे तेल अडतीस हजार; पुढच्या ब्रेकच्या चकत्या आणि पॅड पंचावन्न हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण ज्याने काढली त्याच्या दारात नक्की एखादी थोरामोठ्यांकडून उतरलेली बग्गी असली पाहिजे.

पण या पट्ट्यात राहण्याचा एक मोठा आधार आहे, तो सांगितलाच पाहिजे. मोठ्या वर्कशॉपचे दर ऐकून मी भोसरीच्या एका मिस्त्रींना गाठले. मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षे काढून त्यांनी स्वतःचे गॅरेज टाकलेले. एप्रिलमध्ये कूलंट गळू लागले. इंजिनजवळच्या नळीला एक प्लास्टिकची कोपरी असते. उष्णतेने तापून, निवून, तापून, निवून ती बिस्किटासारखी ठिसूळ होते. नवी कोपरी चार आठवड्यांनी येणार आणि नळीसकट चौदा हजार पडणार. मिस्त्रींनी फुटकी कोपरी खिशात घातली, मला मागे बसवले आणि दोन गल्ल्या पलीकडच्या एका लेथवर नेले. तिथल्या पोराने मापे घेतली, अॅल्युमिनियमच्या कांबीतून दोन तुकडे कातले, जोडले, आणि दीड तासात वस्तू माझ्या हातात ठेवली. सहाशे रुपये. तिचे गुळगुळीत अंग बोटांनी चाचपताना मला वडिलांच्या हाताचा तेलकट वास आठवला. तशीच एकदा उजव्या आरशाची काच कुदळवाडीच्या भंगार बाजारात आठशेला मिळाली. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामे पाडली, त्याच्या आधीची ही गोष्ट.

मात्र मिस्त्रींचा एक दंडक होता. "साहेब, पाण्याची नळी, आरसा, दाराची कडी, काय वाटेल ते बनवून देतो. पण ब्रेक, सुकाणू आणि एअरबॅग यांत आपली अक्कल नाही चालवायची. तिथं कंपनीचाच माल." चौतीस वर्षे मीही दुसऱ्या शब्दांत हेच सांगत आलो होतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. या गाडीला स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर रबराचे चार हवेचे फुगे आहेत आणि त्यांत हवा भरणारा एक छोटा कॉम्प्रेसर. गाडी चालते ती जणू पाण्यावरून. जूनमध्ये एका सकाळी पाहिले तर पुढचा डावा कोपरा खाली बसलेला. चालू केली, तशी सावकाश उठून सरळ उभी राहिली. मिस्त्रींनी साबणाचे पाणी मारले. डाव्या फुग्याच्या घडीतून बारीक बुडबुडे आले. ते म्हणाले, "साहेब, फुगा बदला. अठ्ठावन्न हजार. आज छोटी गळती आहे. पण ती भरून काढायला कॉम्प्रेसर रात्रंदिवस पळतोय. तो जळला की दुप्पट."

हे मला त्यांनी शिकवायला हवे होते, असे नाही. कारखान्यात हवेची नळी गळताना दिसली तर मी पोरांना फैलावर घेत असे. बिघाडाआधी देखभाल करावी, बिघाडानंतर दुरुस्ती नव्हे, हे वाक्य माझ्या खात्याच्या भिंतीवर मीच रंगवून घेतले होते. तरी मी मिस्त्रींना म्हणालो, "बघू पुढच्या महिन्यात."

कारण घरी मी खोटे बोललो होतो. गाडी घेताना सौ.ला सांगितले होते की वर्षाला लाखभर लागतील. ती एका सहकारी बँकेत तीस वर्षे काढलेली बाई. आकडा लिहून ठेवते. सहा महिन्यांत झालेल्या दोन लाख साठ हजारांपैकी तिला ठाऊक होते एक लाख चाळीस. उरलेले एक लाख वीस हजार मी कन्येच्या पुढच्या शिक्षणाच्या फीसाठी माझ्या नावावर ठेवलेल्या मुदत ठेवीतून काढले होते. निवृत्तीचे पैसे ऑक्टोबरात येणार, तेव्हा भरून टाकू, कोणाला कळायचेही नाही. चोरी कशाला म्हणायची, आपलेच आपण उसने घेतले. माणूस स्वतःशी बोलताना किती गोड बोलतो!

मग मी एक क्लृप्ती काढली. सौ. उठायच्या आत, सकाळी साडेपाचला, फिरायला जाण्याच्या निमित्ताने खाली जायचे आणि गाडी चालू करून तिचा बसलेला कोपरा उभा करायचा. सात वाजता सौ. गच्चीतून पाहते तर हत्ती चारी पायांवर सरळ. जून संपला, जुलै लागला. रोज सकाळी तो कॉम्प्रेसर जरा जास्त वेळ घरघरू लागला आहे, हे माझ्या कानांना कळत होते. मी कान बंद केले.

जुलैच्या अखेरीस आईला तिच्या बहिणीकडे राजगुरुनगरला नेले होते. परतताना संध्याकाळ झाली. पाऊस कोसळत होता आणि चाकणला पाळी सुटायची वेळ. त्या वेळी तळेगाव चौक ते आंबेठाण चौक हे अंतर पायी चालणारा माणूस मोटारीच्या आधी कापतो. आई पुढे माझ्या डाव्या हाताला, सौ. आणि कन्या मागे. आईला मी चाकणचा किल्ला कुठे आहे ते हाताने दाखवले. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट शाएस्ताखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी सुरुंगाने एक बुरूज उडाला आणि किल्ला गेला. मी हे सांगत होतो आणि पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली: गाडी फार खाली आहे, थांबा. माझाही बुरूज ढासळला होता.

कसाबसा कुरुळीजवळ एका चहाच्या टपरीपाशी गाडी कडेला घेतली. पुढचा डावा कोपरा हळूहळू खाली जात होता. आई त्याच कोपऱ्यावर बसलेली. तिने दाराचा कठडा धरला आणि अपराधी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले. "अरे, माझ्या वजनानं का रे बसली?"

आयुष्यात मला अनेक वरिष्ठांनी झापले आहे. पण त्या एका प्रश्नाने जेवढा मी खाली बसलो, तेवढी ती गाडीही बसली नसेल.

मी मिस्त्रींना फोन लावला. घाईत एक गोष्ट विसरलो. माझा फोन गाडीला जोडलेला होता आणि गाडीत सोळा स्पीकर आहेत. नाट्यगृहात घुमावा तसा मिस्त्रींचा आवाज चहूबाजूंनी घुमला, "साहेब, मी जूनमध्येच सांगितलं होतं ना? फुगा बदला, नाहीतर कॉम्प्रेसर जाईल. महिना झाला की हो!" मी घाईघाईने फोन बंद केला. मागे पाहण्याचा धीर झाला नाही. मागून शब्द आला नाही, हे अधिक वाईट होते.

टपरीत बसून आम्ही टोइंगच्या गाडीची वाट पाहिली. समोरून ट्रेलर जात होते, त्यांच्यावर न्हाऊन निघालेल्या नव्या गाड्या. आई चहा बशीत ओतून पीत होती. तिने एकदा पावसातल्या आमच्या काळ्या गाडीकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हैस बसते तशी बसली बघ. म्हैस बसली की तिच्या मनात येईपर्यंत उठत नाही." कन्या हसली. सौ. हसली नाही. रात्री नऊला गाडी उचलून गेली, साडेसहा हजार रुपये, आणि आम्ही चौघे दोन रिक्षांतून निगडीला आलो. उतरताना आई म्हणाली, "ही बरी रे. चढताना कुणाचा हात लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने चहा दिला आणि समोर बसली. "आता सगळं सांगा," एवढेच म्हणाली. मी सांगितले. ठेवीचेही सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी म्हणाली, "गाडीनं महिनाभर रोज सकाळी खाली बसून सांगितलं, की माझं काहीतरी गळतंय. तुम्ही एक दिवस सांगितलं नाहीत." मग थोड्या वेळाने, "पैशांचं मी बघीन हो. पण फी भरायच्या खिडकीवर पोरगी उभी असताना हे कळलं असतं, तर तिनं काय समजायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

फी ऑगस्टमध्ये भरायची होती. तिने कपाटातून आपल्या पाटल्या काढल्या. बँकेत तिने तीस वर्षे दुसऱ्यांच्या पाटल्या तारणावर घेतल्या होत्या, त्यांचे वजन लिहिले होते. त्या दिवशी काचेच्या अलीकडे उभी राहून तिने स्वतःच्या ठेवल्या. मी शेजारी उभा होतो. तिथला जुना शिपाई तिला ओळखून चहा घेऊन आला, तेव्हा मला कुठे पाहावे ते कळेना.

त्याच संध्याकाळी तिने माळ्यावरची वडिलांची पेटी काढायला लावली. वडिलांनी आधी सायकल आणि मग नंबर लावून मिळवलेली बजाज स्कूटर आपल्या हातांनी सांभाळली. तिची एक वही होती. तारीख, किलोमीटर, काय केले, किती पैसे, असे रकाने. अक्षर टर्नरचे, मापात कातल्यासारखे. माझीही गाडीची वही होती, अगदी तशीच आखलेली. सौ.ने दोन्ही शेजारी उघडल्या आणि वडिलांच्या वहीतल्या पाचव्या रकान्यावर बोट ठेवले. त्याचे शीर्षक होते 'राहिलेले'. 'क्लच वायर विरली आहे, पगारानंतर.' 'मागचा टायर पावसाळ्याआधी.' एके ठिकाणी तर 'ब्रेक शू लागतील, हिला सांगितले.' ही म्हणजे आई.

माझ्या वहीत चारच रकाने होते. ते किती वर्षे पाहूनही मी पाचवा कधी आखला नव्हता. झालेल्या गोष्टी लिहायला फारसे धैर्य लागत नाही.

मग सौ.ने हिशेब मांडला. सकाळचा खोटा तमाशा जमेस धरून मी अठ्ठावन्न हजारांचे काम एक लाख छत्तीस हजारांवर नेले होते, कारण फुग्यापाठोपाठ कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले, दोन्ही गेले. एका व्यापाऱ्याने आहे त्या स्थितीत गाडीचे नऊ लाख देऊ केले. विकावी, असे मीच म्हणालो. ती म्हणाली, "आज विकलीत तर सात लाख गेले आणि शिकलात काहीच नाही. राहू द्या. पण आता ती घराच्या पैशांवर नाही जगायची." गाडीच्या नावाने वेगळे खाते उघडले. दरमहा वीस हजार त्यात जातात. ते असतील तर गाडी धावते, नसतील तर झूल पांघरून उभी राहते. ऑगस्ट आणि सप्टेंबर ती तशीच उभी होती. रखवालदार खुर्चीवर परत बसला. ऑक्टोबरात निवृत्तीचे पैसे आले. त्यांतून सर्वांत आधी पाटल्या सुटल्या, मग ठेव भरली, आणि सर्वांच्या शेवटी फुगा.

पहिल्या वर्षाचा ताळेबंद सौ.ने दिवाळीच्या आधी वाचून दाखवला. दुरुस्त्या, विमा, टोइंग मिळून चार लाख बासष्ट हजार. धावली चौदा हजार किलोमीटर. डिझेल सोडून किलोमीटरमागे तेहतीस रुपये. त्या वेळी आमच्या गावची रिक्षा किलोमीटरला सतरा रुपये घेत होती. कोणी स्नेही आता मला विचारतात, जुनी मोठी गाडी घ्यावी का? मी म्हणतो, अवश्य घ्या; पण किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी वेगळा ठेवा, आणि तो घरातल्या माणसासमोर ठेवा. तो ठेवता येत नसेल, तर गाडी तुम्हाला परवडत नाही, नुसती विकत घेता येते.

दुसऱ्या वर्षाचा खर्च पहिल्याच्या निम्म्याहून कमी आला. गाडी शहाणी झाली असे नव्हे. पाचव्या रकान्यातल्या गोष्टी वेळेवर चौथ्यात जाऊ लागल्या. आई रोज सकाळी गच्चीत जाऊन खाली डोकावते आणि मोठ्याने विचारते, "उठली का रे?" मी म्हणतो, "उठली." आसपासच्या दोन इमारतींना ही खबर रोज मिळते. लपवायचे असे आता काही उरलेले नाही.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात लेथपासून स्क्रू ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना झेंडू वाहतात. यंदा गाडीच्या बॉनेटवर हार घातला, पाने-पकडींना हळदकुंकू लावले, आणि सौ.ने त्यांच्या शेजारी दोन्ही वह्या मांडल्या, वडिलांची आणि आमची. आईने वाकून बॉनेटमध्ये पाहिले. "तोंड दिसतं रे," ती म्हणाली, आणि पदराने उगीचच तिथली धूळ पुसली.

दुपारी तिला आळंदीला नेऊन आणले. मोशीवरून परतताना मागच्या उजव्या चाकाकडून एक बारीक कटकट ऐकू येऊ लागली. खड्ड्यात कट्, वळणावर कट्. मी दोनशे मीटर गप्प राहिलो, जुनी खोड. मग म्हणालो, "अगं, मागून काहीतरी वाजतंय."

"ऐकलं मी," सौ. म्हणाली, "इंद्रायणीच्या पुलापासून." आणि पर्समधून तिने वही काढली.